बोटभर जागा

शिखरावर एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात एक वही. वर पोचलेला माणूस तीत नाव, तारीख आणि मनात येईल ती एक ओळ लिहितो. वही भरली की डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळातलं कोणीतरी ती आमच्या वाचनालयात आणून देई. बाइंडरबाई तिला शिवून पुठ्ठा चढवत आणि मी क्रमांक घालून कपाटात ठेवी. एकतीस वर्षांत अशा चौदा वह्या मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. वर मात्र एकदाही गेलो नाही.

बाइंडरबाई दर वर्षी जायच्या. त्यांची ओळ ठरलेली असे : ‘हवा स्वच्छ आहे. शेजारी बसायला जागा आहे.’ वह्या कोण वाचतं हे त्यांना ठाऊक होतं. निघण्याआधी त्या विचारायच्या, “येताय का, ग्रंथपाल?” मी म्हणायचो, “पुढच्या वर्षी नक्की.” ती ओळ आपल्यासाठी असावी असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, आपण असे कोण लागून गेलो?

मग आम्ही दोघंही निवृत्त झालो. त्या अजून घरी वह्या शिवतात, पण गुडघ्यांनी दगा दिला. यंदा आलेल्या वहीत त्यांची ओळ नव्हती. वाचनालयात जाऊन मी ती वही दोनदा चाळली.

तेव्हा ठरवलं, या वर्षी जायचं आणि वहीत उत्तर लिहायचं. शिवताना त्या वाचतीलच. तोंडावर बोलणं मला कधी जमलेलं नाही.

महिनाभर ज्ञानकोशाचे दोन खंड पाठीवर घेऊन जिन्याचे चार मजले चढलो-उतरलो. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, “काय हो, हप्त्याहप्त्यानं घर बदलताय की काय?” मंडळाच्या पत्रकात ही चढण ‘मध्यम’ लिहिली आहे. कोणासाठी मध्यम ते लिहिलेलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी बाई काठी टेकत आल्या. कोणाकडून कळलं, देव जाणे. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “पिशवी दाखवा.”

मी पिशवी पुढे केली. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली.

“हे काय?”

“रानफुलांचं पुस्तक.”

“आणि हे?”

“त्याचीच परिशिष्टं.”

“चढायला जाताय की शाखा उघडायला? ठेवा ती कपाटात. पाणी तीन लिटर घ्या. मनुका वरच्या खिशात. मोज्यांचा दुसरा जोड कुठाय? पायाची नखं कापलीत?”

“नखं?”

“उतरताना बोटं बुटात पुढे आपटतात. आज कापा.” मग त्यांनी पर्समधून शिसपेन्सिल काढून माझ्या हातात दिली. “वर गारठ्यात पेन चालत नाही. आणि लिहाल तेव्हा डावीकडे बोटभर जागा सोडा. नाहीतर शिवणीत अक्षरं जातात. निम्म्या लोकांच्या ओळी मला अर्ध्याच वाचता आल्यात.”

मी मान डोलावली. माझे कान तापले होते.

“काय लिहिणार आहात?”

“अजून... म्हणजे, कच्चं लिहिलंय. बरंच खोडलंय.”

बाई पिशवीचा बंद ओढून घट्ट करत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वही भरायला दोन वर्षं लागतात, ग्रंथपाल. माझ्याकडे कधी यायची ती? जे असेल ते जरा लवकर कळलं तर बरं.”

मी पेन्सिलीचं टोक बघितलं, खिडकी बघितली. जे तोंडातून निघालं ते मी कुठल्याच कच्च्या कागदावर लिहिलं नव्हतं.

“पायथ्याशी बाक आहे ना?”

“मला काय विचारता? चौदा वह्या तुम्ही वाचल्यात. आहे. बस थांबते तिथेच.”

“मग तिथपर्यंत येता? मी वर जाऊन येईन. सहा-सात तास लागतील. तुम्ही कंटाळाल. नको, राहू दे—”

“विचारलंत ते विचारलंत, आता मागे घेऊ नका,” त्या म्हणाल्या. काठी घेऊन उठल्या. दाराशी थांबून त्यांनी एक गुडघा हातानं दाबला. “सकाळचं या गुडघ्यांचं काही खरं नसतं. बघते.”

जिन्यावर काठीचा आवाज एकेका पायरीनं खाली गेला. शेवटच्या पायरीपर्यंत मी ऐकत उभा होतो.

मग नखं कापली. लहान थर्मास काढून मोठा घेतला, त्याच्या शेजारी दुसरा कप बसवला. बाईंनी हलकी केलेली पिशवी पुन्हा जड झाली.