बुडाली म्हणायचं नाही

बोटींच्या त्या शोरूममध्ये एक शब्द तोंडातून काढायला बंदी होती. बोट बुडते, असं म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाने फारच खोदून विचारलं तर ‘आत पाणी येण्याची परिस्थिती’ असं म्हणायचं आणि लगेच कप ठेवायच्या खाचा दाखवायच्या. नियम मालकांचा, पण तो सगळ्यात इमानाने पाळायचा तिथला विक्रेता मिठ्ठू. हे नाव त्याला मागच्या वर्कशॉपातल्या मेकॅनिकांनी ठेवलं होतं. एकदा पढवलं की पठ्ठ्या वर्षभर तेच बोलायचा, आणि इतकं गोड बोलायचा की समोरचा आपली अक्कल काउंटरवर ठेवून जायचा.

दुकानात दोन मोटारबोटी समोरासमोर उभ्या होत्या. एक राखाडी, दिसायला बेताची. तिच्या दोन तळांमधल्या पोकळीत कारखान्यातच फोम भरलेला. काठोकाठ पाणी भरलं तरी ती तरंगत राहायची आणि आतल्या माणसांना धरून ठेवायची. दुसरी पांढरीशुभ्र. तिच्यात फोमच्या जागी सामानाचे कप्पे, वर सोफा, थंडपेटी आणि चार स्पीकर. पाणी भरलं की ती सरळ तळाला जाणार, पण गाणी शेवटपर्यंत छान ऐकू येणार. लोक पांढरीच घ्यायचे. ‘फोम म्हणजे भित्र्यांचे लाड’ हे वाक्य मिठ्ठूचं स्वतःचं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्या शनिवारी त्याची धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन आली, आणि नवरा थेट पांढरीच्या सोफ्यावर जाऊन बसला.

बहिणीच्या दोन्ही मुली आता दर रविवारी याच सोफ्यावर बसणार होत्या, आणि त्यातल्या धाकटीला अजून धड पोहताही येत नव्हतं.

“भावोजी, ती नको. राखाडी घ्या.”

“का?”

“हिच्यात फोम नाही. पाणी भरलं तर...” इथे मिठ्ठूची जीभ अडकली. “तर आत पाणी येण्याची परिस्थिती होते.”

“पाणी भरलं तर पाणी येतं?” मेहुण्याने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. “दादा, राखाडी महाग आहे ना? घरच्या माणसांकडूनही कमिशन?”

“उलट पांढरीवर जास्त मिळतं.”

“असं सगळ्यांनाच सांगत असाल.”

बहीण हसली. थापा मारताना ज्याची जीभ लोण्यावरून फिरावी तशी फिरायची, त्याची खरं बोलताना ततपप होत होती. सवय नसली की असंच होतं.

“लाइफ जॅकेटं आहेत की,” मेहुणा म्हणाला.

“जॅकेट माणसाला तरंगवतं. पण किनारा लांब असतो, पाणी गार असतं. धरून बसायला बोट लागते, भावोजी.”

“मागच्या वर्षी माझ्या साहेबांना तुम्हीच म्हणालात ना, फोम म्हणजे भित्र्यांचे लाड? ते खूश आहेत त्यांच्या पांढरीवर. तुम्ही काळजी करू नका. मी सहा महिने व्हिडिओ बघतोय.”

करावे तसे भरावे म्हणतात.

पांढरीची ट्रायल ठरली. खाडीच्या उतारावर ट्रेलर लावल्यावर मेहुण्याने सगळ्यांना बाजूला केलं. बोटीच्या मागच्या अंगाला, तळाशी एक भोक असतं. आत साचलेलं पाणी त्यातून काढून टाकायचं आणि बोट पाण्यात सोडण्याआधी बूच घट्ट बसवायचं. मेहुण्याने ते बूच काढून बायकोला दाखवलं, त्याचं महत्त्व समजावून सांगितलं आणि हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मिठ्ठूला ते उघडं भोक दिसलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. धक्क्याजवळ पाणी छातीइतकंच होतं, खाली मऊ वाळू होती. त्याने घड्याळ आणि फोन गाडीच्या सीटवर ठेवले, बहिणीच्या जॅकेटचे पट्टे पुन्हा एकदा आवळले आणि बोट पाण्यात उतरवून धक्क्याला बांधल्यावर दोघांच्या मागोमाग तिच्यात चढला.

दोर सोडण्याआधी मेहुण्याला स्पीकर वाजवून बघायचे होते. मग थंडपेटी. मग सोफा उलगडून त्याचा पलंग. तो पलंग घडी करत असताना बहीण म्हणाली, “पाय का ओले लागतायत?” तोवर इंजिनाच्या वजनाने मागची बाजू खाली गेली होती. काठावरून पाणी आत आलं, पुढचं नाक वर झालं आणि बघता बघता बोट वाळूवर जाऊन बसली. तिघं छातीभर पाण्यात उभे राहिले. गाणं अजून चालू होतं.

“कंपनीनेच भोकाची बोट दिलीय,” मेहुणा थरथरत म्हणाला आणि फोन काढायला खिशात हात घातला. हातात बूच आलं.

“सगळेच कधी ना कधी विसरतात, भावोजी,” मिठ्ठू म्हणाला. “राखाडीत आत्ता आपण बसून असतो. भिजून, पण बसून.”

मेहुण्याने मान डोलावली. राखाडी पक्की झाली. मिठ्ठूला अगदी हलकं वाटलं, पण ते गाडीपाशी पोहोचेपर्यंतच. तिथे बहिणीला सीटवरचं कोरडं घड्याळ आणि कोरडा फोन दिसला.

“दादा, तुला ते उघडं भोक दिसलं होतं.”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“सकाळपासून बोलतोय. माझं खरं कोणाला पटतं?”

तिने केस पिळले. रागावलेली दिसत नव्हती, तेच वाईट होतं. “माझ्या मुलींसाठी एक बुडवलीस. बाकीच्यांच्या मुलांना कुठल्या विकल्यास?”

मिठ्ठूने धक्क्याकडे पाहिलं. तिकडे पांढऱ्या बोटी ओळीने बांधल्या होत्या, सगळ्या त्यानेच विकलेल्या. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. तेवढ्यात फोन वाजला.

“ट्रायल कशी झाली?” मालकांनी विचारलं.

“बुडाली.”

“शब्द सांभाळून वापर. गिऱ्हाईक ऐकेल.”

“ऐकू दे, साहेब. सगळ्यांनाच सांगायचंय.”

फोन ठेवून तो ओल्या बुटांनी धक्क्यावरून चालू लागला. पहिल्याच बोटीत एक माणूस दोन पोरांना सोफ्यावर बसवून दोर सोडत होता. त्याने मिठ्ठूला ओळखलं आणि हसून हात केला.

“या, या,” तो म्हणाला. “मस्त बोट दिलीत तुम्ही.”