पेरूचे कोफ्ते

दिलावरभाईनं तेव्हा पुंजारामचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या बसल्या असत्या, शिपायानं कानाखाली दोन वाजवल्या असत्या, अन् संध्याकाळी पुंजाराम माळी पारावर बसून तोच किस्सा तिखटमीठ लावून सांगत बसला असता. पण म्हातारा मुंडी खाली घालून उभा होता, अन् नाव काही घेत नव्हता.

झालं ते असं.

अमरावतीत तेव्हा कापसाचा नुसता धुमाकूळ होता. तिकडं अमेरिकेत गोरे आपसात लढून राहिले होते, अन् इकडं वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. कुठकुठले व्यापारी गावात उतरले. त्यातच एक यूनानी साहेब आला, ग्रीस देशाचा, नाव कोस्तास. ते नाव कोणाच्या जिभेवर बसेना. मंग पुंजारामनंच त्याचं बारसं केलं, कोष्टीसाहेब. दोन दिवसांत लहानथोर सारे कोष्टीसाहेब म्हणाले लागले, अन् साहेब आपला खूश, की लोक आपल्याले नावानं ओळखते.

पुंजारामची ख्याती अशीच. कापसाच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची रीत. त्या रुमालाखाली यानं एकदा बेडूक सोडला होता. अडत्या असा बोंबलला की बैल सुटले. चाळिशी उलटली, मिशी पांढरी झाली, तरी खोड जाईना. माळवं मात्र एक नंबर पिकवायचा. कोष्टीसाहेबाच्या बंगल्यावर, राजापेठेच्या अंगाले, रोज सकाळी भाजीची टोपली त्याचीच जाये.

तिथं दिलावरभाई बावर्ची होता. अचलपूरचा, साठीचा माणूस. बाप अन् आजा नवाबाच्या मुदपाकखान्यात होते. नवाबी गेली, चुली विझल्या. घरी विधवा लेक अन् तिची दोन लेकरं याच्या हाताकडं पाहत बसलेली. साहेबानं त्याले महिनाभराच्या बोलीवर ठेवलं होतं. महिन्यात हात पसंत पडला तर कायम, नाही तर अचलपूरचा रस्ता. रोज सकाळी भाजी उतरवली की दोघं मागच्या पायरीवर बसून एक चिलीम ओढत. म्हातारा त्याले पुंज्या म्हणे. बाप मेल्यापासून पुंजारामले पुंज्या म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

एक दिवस चिलीम हातातच धरून म्हाताऱ्यानं हळूच इचारलं, "पुंज्या, पेरू म्हंजे काय रे?"

"काहून?"

"उद्या मुंबईचे चार व्यापारी येऊन राहिले जेवाले. साहेब म्हणे, पेरूचे कोफ्ते कर, दह्यासंगं. त्याची माय करत होती म्हणे. कोफ्ते समजले. दही समजलं. हे पेरू काय बला आहे?"

पुंजारामले ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. बडनेऱ्याले आगगाडीचा रस्ता बांधून राहिले होते, तिथल्या इंजिनेर साहेबाच्या तंबूवर तो दर मंगळवारी भाजी नेई. तिथल्या मुंबईच्या बटलरनं चार-पाच पाखरं पाळली होती. कोंबड्याच्या चौपट, काळंभोर, गळ्याले लाल कातडं लोंबते, अन् फुगलं म्हंजे जसा नवा पाटील. "याले पेरू म्हणते, इंग्रजीत टर्की. साहेबलोक लय आवडीनं खाते," असं बटलरनं सांगितलं तवा पुंजाराम हसून हसून खाली बसला होता.

आताही त्याच्या जिभेले खाज सुटली.

"पेरू म्हंजे जाम, बावा! आपण जाम म्हणतो, तुमी अमरूद म्हणता, अन् पुण्या-मुंबईचे लोक पेरू म्हणते. कोणालेही इचारा."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. तीच तर त्याची करामत.

"जामाचे कोफ्ते?" म्हातारा इचारात पडला. "तसे नवाबासाठी आमी कच्च्या केळीचे करत होतो म्हणा."

"साहेबालेच इचारा ना एकदा."

"येडा आहे काय तू? बावीस दिवस झाले मले. बावर्चीच इचारन की पेरू काय, तर साहेब म्हणन, जा घरी. तू आन, चांगले कडक पाहून आन."

पुंजारामनं एकेक जाम दाबून, वास घेऊन निवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुद्दाम स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबला. तमाशा पाहायचा होता. म्हाताऱ्यानं जीव ओतला होता. जाम वाफवून, कुस्करून, भाजलेलं बेसन अन् गरम मसाला घालून सोन्यासारखे गोळे भाजले होते. शेजारी गार दह्याचा वाडगा. साहेबानं पाहुण्यायले काहीतरी आईचं सांगितलं, पहिला कोफ्ता तोंडात घातला, अन् खोलीत कर्रकन आवाज झाला. जामाच्या बिया.

साहेबानं तोंडातलं ताटात काढलं. "ये क्या है?"

"पेरू, हुजूर. अमरावती के सबसे अच्छे पेरू."

एका पाहुण्याच्या डोक्यात पहिले उजेड पडला. त्यानं बाकीच्यायले सांगितलं, अन् चौघं टेबल बडवून बडवून हसले. साहेब हसला नाही. त्याचं नाक लाल झालं, मंग कान, मंग मान.

"किसने बोला ये पेरू है?"

खिडकीबाहेर पुंजारामचं हसू ओठापर्यंत आलं होतं. आता आपलं नाव येते, आता पळाले लागते, म्हणून त्यानं धोतराचा सोगा वर खोचला.

"किसी ने नहीं, हुजूर," दिलावरभाई हात जोडून म्हणाला. "मेरी ही समझ की गलती. बूढ़ा हो गया."

"सनीचर को घर जाव. अकोला से दूसरा बावर्ची आएगा."

खोचलेला सोगा तसाच राहिला. पळाले जागाच उरली नव्हती.

थोड्या वेळानं म्हातारा मागच्या दारी आला. पुंजारामले वाटलं, आता मारते. मारलं असतं तर त्यानं पाठ पुढं केली असती.

"पुंज्या, तू मनाले लावून घेऊ नको. तुले तरी काय ठाऊक? तू माळी, मी अचलपूरचा. दोघंही गावंढळ."

"माह्यं नाव काहून नाही घेतलं, भाई?"

"घेतलं असतं तर तुही भाजी बंद झाली असती. माह्यं गेलं, तेवढं पुरे आहे ना."

पुंजाराम घरी आला. कौशल्येनं ताट वाढलं. तिचा हा नेम होता, की नवऱ्यानं घास घेता घेता दिवसाची खोडी सांगायची अन् तिनं पदर तोंडाले लावून हसायचं. त्यानं सारं सांगितलं. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग?" ती म्हणाली. "मी कुठी हसू ते सांगा ना."

भाकर तशीच राहिली.

सकाळी तो साहेबापुढं जाऊन उभा राहिला. मधे मुनीम केशवराव होते दुभाषी म्हणून, पुण्याकडचे. पुंजारामनं हात जोडले. "चूक बावर्चीची नाही, साहेब. जाम मी देल्ले. मले माहीत होतं पेरू पाखरू असते, तरी देल्ले."

केशवरावांनी त्याले खालून वर पाहिलं. "तू तो बेडूकवाला ना रे?"

"हो जी."

केशवराव हसू लागले. साहेबाले सांगताना बेडकाचंही सांगितलं असावं, कारण साहेबही हसला. मंग उठून त्यानं पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "अच्छा दोस्त. बुड्ढे के लिए झूठ बोलता. बहुत अच्छा."

"झूठ नाही साहेब! खरं सांगून राहिलो!"

"अरे, पेरू हा पक्षी असतो हे काल साऱ्या गावाला कळलंय," केशवराव म्हणाले. "आज येऊन मला ठाऊक होतं म्हणतोस? जा, भाजी ठेव अन् नीघ."

आयुष्यभर याच्या थापा लोकायनं खऱ्या मानल्या, अन् आज एक खरं बोलला तर त्याची थाप झाली. अन् खांद्यावर ती शाबासकी. गांधीलमाशी चावल्यासारखा तो खांदा नुसता जळत होता.

फाटकाबाहेर लिंबाखाली तो किती वेळ बसून राहिला. पाखरू बडनेऱ्याले आहे. ते आजच्या आज आणून उभं केलं, तर साहेबाले पटन की याले खरंच ठाऊक होतं. अन् आईचे कोफ्तेही खरे होतीन, म्हाताऱ्याची जागा राहीन. पण मंग दिलावरभाईलेही कळन. आतापर्यंत म्हाताऱ्याच्या लेखी पुंज्या गावंढळ होता, भोळा होता, आपला होता. पाखरू आणलं की ते सारं गेलं. नाही आणलं, तर म्हातारा शनवारी अचलपूरले जाईन, जाता जाता याच्या डोक्यावर हात ठेवीन, अन् याले जन्मभर चांगला माणूस समजत राहीन.

साहेबानंही चांगलाच म्हटलं होतं. गप बसून राहायचं, बस. कोणाले काही कळणार नव्हतं.

सूर्यभान पहारेकऱ्यानं फाटकातून आवाज देल्ला, "काहून रे पुंजाराम, कोणाच्या रुमालात काय सोडाचं म्हणून बसला?"

तो उठला अन् बडनेऱ्याचा रस्ता धरला.

बटलरची पाखरं त्याची सोताची होती, अन् द्यायले तो तयार नव्हता. "पहिले सांग, तुले कायले पायजे?" पुंजारामनं सांगितलं. बटलरले हसू फुटलं. "बियांचा आवाज कसा आला? पुन्हा करून दाखव! अन् बुढ्ढ्यानं हात कसे जोडले?" पुंजारामनं दाखवलं. कर्रकन आवाज काढला. हात जोडून, मुंडी खाली घालून म्हाताऱ्यासारखा उभा राहिला. बटलर पोट धरून लोळला. एवढी दाद त्याले कधी मिळाली नव्हती, अन् एवढं नागडं झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसत पुसत बटलरनं सगळ्यात जाडं पाखरू पाय बांधून त्याच्या टोपलीत टाकलं.

भर बाजारातून टोपली डोक्यावर घेऊन तो चालला. पाखरू गुडगुड ओरडे, लाल कातडं याच्या कपाळावर लोंबे. अडते, गाडीवान, वजन करणारे, सारे उभे राहून पाहत. "पुंजाराम, जावाई आणला काय रे?" त्यानं उलटून एक शब्द टाकला नाही. मंग तर लोक जास्तच हसले.

बंगल्याच्या मागच्या दारी त्यानं टोपली उतरवली. साहेब होता, केशवराव होते. दिलावरभाई आपली भांडी बोचक्यात बांधून राहिला होता.

"हे पेरू, साहेब. बडनेऱ्याहून आणलं. चार महिन्यापासून ठाऊक आहे मले, दर मंगळवारी पाहतो याले. तिथल्या बटलरले इचारून घ्या." मंग तो दिलावरभाईकडं वळला, पण पाहिलं त्याच्या पायाकडं. "ठाऊक होतं, भाई. मजा म्हणून केलं."

केशवराव हसले नाहीत. दिलावरभाई पाखराकडं पाहत राहिला, मंग पुंजारामकडं. बोचक्याची गाठ त्यानं सावकाश सोडली.

"पाणी आणा, पुंजारामजी," तो म्हणाला. "गरम लागन. पिसं काढाचे आहे."

पुंजारामजी. अन् आणा.

पाखरू म्हाताऱ्यानं आपल्या हातानं कापलं. पुंजारामनं पिसं काढली. मांस लाकडाच्या ओंडक्यावर दोन सुऱ्यायनं खिमा होईपर्यंत कुटलं. साहेब दारात उभा राहून आईची रीत सांगत होता अन् म्हातारा मान हालवत होता. दुधात भिजवलेला पाव, किसलेला कांदा, लसूण, मिरे, मूठभर पुदिना, तिखट बिलकूल नाही. खिमा हातात घेऊन म्हाताऱ्यानं दाबून पाहिला. "कोरडं आहे हे मांस. चुरा होईन." मंग आपल्या मनानं त्यानं त्यात साय मळली, अन् पुंजारामकडं न पाहता म्हणाला, "काकडी किसा. पिळून घ्या, पाणी राहू देऊ नका."

पुंजारामनं काकडी किसली, पिळली. दही फडक्यात बांधून टांगलं होतं, त्याचा घट्ट चक्का झाला होता. त्यात काकडी, लसूण, मीठ अन् साहेबाच्या बाटलीतलं जैतुनाचं तेल. मडकं दोरीनं विहिरीत सोडलं, पाण्याले टेकेल एवढं, गार व्हाले. गोळे तांब्याच्या परातीत मांडले, वर झाकण, झाकणावर इंगळ, खाली इंगळ. दोघं चुलीपुढं बसले होते. एरवी असं बसलं की चिलीम पेटे. आज म्हातारा इंगळ हालवत होता अन् पुंजाराम राखेत बोट फिरवत होता.

"भाई," शेवटी तो म्हणाला, "एक शिवी तरी द्या ना."

"खालचा इस्तो कमी करा. करपन."

साहेबानं पहिला कोफ्ता दह्यात बुडवून खाल्ला अन् डोळे मिटले. कालचे पाहुणे अजून मुक्कामालेच होते, ते त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. तो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मंग काटा बाजूले ठेवून हातानंच खाले लागला. सात खाल्ले. "सनीचर को नहीं जाना," तो म्हणाला. "कभी नहीं जाना." दिलावरभाईनं लवून सलाम केला, अन् फडक्यानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसले.

मंग साहेबानं पुंजारामकडं बोट केलं. "इसका क्या? भाजी बंद?"

म्हाताऱ्यानं फडक्याची घडी करून खांद्यावर टाकली.

"भाजी अच्छी लाता है, हुजूर."

एवढंच. पुंजारामले वाटलं, मिटलं बापा. कौशल्येले त्यानं तसंच सांगितलं. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तो झाकटीतच, उजाडायच्या आधी, मळ्यात गेला अन् सगळ्यात कोवळं तेवढं टोपलीत भरून बंगल्यावर नेलं. पायरीवर टोपली उतरवली. दिलावरभाई बाहेर आला, खाली बसला, अन् एकेक जिन्नस उचलाले लागला. वांगं उलटंपालटं करून पाहिलं. मेथीची जुडी सोडून आत पाहिलं. मंग एक हिरवी जुडी हातात घेतली.

"हे काय आहे, पुंजारामजी?"

"पुदिना, भाई."

म्हाताऱ्यानं पान चुरगाळलं, वास घेतला. वास तर पार फाटकापर्यंत गेला असन. तरी त्यानं ती जुडी वर धरली अन् हाक मारली,

"सूर्यभान, जरा इकडं ये बेटा. याले पुदिनाच म्हणते ना?"