बंद केलेली वाट

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. मेडशीच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत खिडकीच्या वर खिळ्याला लटकून असतो. माझ्या एका अँटेनाला चिकटपट्टी लावलेली आहे. तरी मला हसू नका, मी कुण्या ऐऱ्यागैऱ्याच्या हातचा नाही.

मला इथे अभ्यासिका सांभाळणाऱ्या शेषरावांच्या मुलाने, प्रसेनजितने आणलं. तो पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एका यंत्राने दुसऱ्याशी कसं बोलावं, उत्तर नाही आलं तर किती वाट पाहावी, याचे नियम असतात. ते नियम पाळणारे प्रोग्राम तो लिहितो आणि कोणीही फुकट वापरावेत म्हणून जगासाठी खुले ठेवतो. कंपनीने माझ्या पोटात घातलेला प्रोग्राम काढून त्याने आपला घातला. दूरदेशीचे लोक त्याच्या कामाची वाहवा करत आणि इथे माझ्या जोरावर पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत. मी जाम खूश होतो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र घात झाला. पुण्यात बसून तो माझ्यात एक बदल करत होता. घाईत एक नियम चुकला आणि ज्या वाटेने तो माझ्यापर्यंत यायचा, तीच वाट त्याने बंद करून टाकली. त्याला आत येता येईना, पोरांचंही इंटरनेट गेलं. माझा हिरवा दिवा उगाच लागलेला.

शेषरावांनी स्पीकरवर फोन लावला. प्रसेनजित म्हणाला, "लाइन तुटली असंल, बाबा. खेमाकाकाले पाहायले सांगा."

मला तोंड असतं तर तिथंच बोललो असतो. एवढं नाव कमावलेला माणूस स्वतःच कडी लावून बाहेर राहिला, हे सांगायची त्याला लाज वाटली.

खेमाकाका म्हणजे गावात इंटरनेटची वायर टाकणारा माणूस. भर उन्हात शिडी घेऊन तो एकेका खांबावर चढला. वायर कुठेच तुटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. परीक्षा तोंडावर आलेली, पोरं चिडली.

"खेमाले काई येत नाई. दुसरा माणूस पाहा," अभ्यासिकेतली पौर्णिमा शेषरावांना म्हणाली. खेमाकाका दारातच उभा होता. त्याची मान खाली गेली. मला भिंतीवर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेषरावांनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे प्रसेनजित एसटीने आला. मला खाली काढून दुरुस्त केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, लाइन चांगलीच होती. मीच बंद केली होती. मले पयल्याच दिवशी मालूम होतं."

"मंग मले खांबावर कायले चढवलं, बाबू?"

प्रसेनजितने मला परत खिळ्याला लटकवलं.

नंतर त्याने माझ्यात नवी सोय केली. बदल केल्यावर मालक लवकर परत आत आला नाही, तर मी आपोआप जुन्या नियमांवर जातो. आपली चूक कशी झाली, हेही त्याने स्वतःच्या नावानिशी जगासमोर मांडलं. लोकांनी पुन्हा वाहवा केली. पौर्णिमाने माफी मागितली. खेमाकाका अजून येतो, वायर तपासतो. प्रसेनजितची आई रुख्मिणीबाई चहाला थांबवतात, तर "नको, वयनी," म्हणत शिडी उचलून निघतो.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला उन्हात ठेवू नका, एवढंच मी सांगणार होतो. पण आता दुसरंच मागतो. तुमच्या हातून काही बिघडलं तर लगेच सांगा, दुसऱ्याला त्यासाठी उन्हात उभं करू नका. मी पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो. खेमाकाकाला ते जमत नाही, आणि त्याने ते का जमवावं?