सुतकातली ऊब

माझी जीभ तिखट आहे, हे नवजात बाळांच्या आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं नर्स आहे. गोड बोलून इथे कोणी वेळेवर हातसुद्धा धूत नाही. त्याच जिभेनं घात केला.

दीपमालाची मुलगी दोन महिने आधी जन्मली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून बांधायचं. आम्ही त्याला कांगारू केअर म्हणतो. त्या उबेवर बाळ तगतं, श्वास घ्यायला विसरत नाही. चौथ्या दिवशी दीपमाला दुपारपासून अशी बसली होती. चार वाजता म्हणाली, "सिस्टर, डोकं फार दुखतंय हो."

"डोकं असलं की दुखायचंच," मी म्हणाले. "हलू नका, आत्ता कुठे झोपलंय बाळ."

माझे डोळे मॉनिटरवरच्या बाळाच्या आकड्यांवर होते. बाळंतिणीचं डोकं दुखलं की आधी बीपी बघायचं, हे नव्या मुलींना मीच शिकवते. मी बघितलं नाही. सहा वाजता बीपी चढून तिला झटके आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

नवरा उत्तरेश्वर हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. अग्नी द्यायला तो तिला घेऊन गावी गेला. बाळापाशी कोणीतरी हवं म्हणून दीपमालाची आई, मांजरी गावच्या सुशीलाबाई, मागे राहिल्या. पण त्या बाहेर बाकावरच बसून होत्या. उबेच्या काचपेटीत बाळाचा श्वास दोनदा थांबला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आजी, आता तुम्हीच छातीशी घ्या तिला.

"म्या न्हाई शिवायची. आईला खाऊन बसलीय ती. आन् मला सुतक हाय."

"तिलाही आहेच की. तिची तर आई गेली. सुतकातली माणसं एकमेकांना शिवतात, आजी. बाहेरची मी आहे."

त्या उठल्या, आंघोळ करून आल्या आणि त्यांनी चोळीची गाठ सोडली. मी बाळ त्यांच्या छातीवर बांधलं. तासाभरात बाळाचे पाय गरम झाले. सुशीलाबाई हुंदकासुद्धा दाबून देत होत्या, बाळ हलू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "डोस्कं जड झालंय जरा."

हातातली दुधाची वाटी तशीच टाकून मी बीपीचं मशीन आणायला धावले. बीपी ठीक होतं.

"अगं, रडून दुखतंय. येवढी का पळतीस?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दीपाचं दुखत हुतं का?"

नाही म्हणता आलं असतं. कागदावर काहीच नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. पण माझ्यानं खोटं बोलवेना.

"दुखत होतं. मला सांगितलं तिनं. मी थट्टेवारी नेलं."

सुशीलाबाईंचे दोन्ही हात बाळाखाली होते. बाळ जागं होऊ नये इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "हात मोकळं असतं तर थोबाड फोडलं असतं तुझं."

मलाही तेच हवं होतं. मी पुढे झाले. "मारा. बाळ द्या माझ्याकडे."

त्यांनी बाळाला आणखी जवळ ओढलं.

"तुझ्याकडं? तुझ्याकडं एक दिली हुती की."