शिवलेला पट्टा

सिद्रामप्पाने चामड्याचा पट्टा दोन्ही गुडघ्यांत आवळला आणि दाभण आरपार काढला. समोर गाडीचं बॉनेट उघडं होतं. शेजारच्या गॅरेजचा गुरप्पा मिस्त्री हसू दाबत उभा.

"अण्णा, ह्यो माग न्हाय, गाडी हाय. मुंबईचा पट्टा मागवतो, मशीन खोलून बघतो. गार हवा देतो की तुमाला."

"कवा?"

"लागतील आठ-पंधरा दिस."

"पोरीला उद्या आणायचं हाय."

लेक जगदेवीच्या लग्नानंतर घरातले कापडाचे दोन्ही माग विकून सिद्रामप्पाने ही जुनी विलायती गाडी घेतली होती, लग्नसराईच्या भाड्यासाठी. तिच्यातली थंड हवेची मशीन पट्टा तुटून कधीचीच बंद. पण आता जगदेवीला सातवा लागला होता. मागच्या उन्हाळ्यात पहिलं पोटातच गेलं. यंदा वैरागला सासरच्या पत्र्याखाली तिचा डोळा लागत नव्हता. डोळे खोल गेलेत, असा व्याह्यांचा निरोप होता.

"दिस बुडल्यावर आणा की," गुरप्पा म्हणाला.

"पोटुशी लेक दिस बुडल्यावर शीव वलांडत न्हाय," त्याची बायको दानम्मा उंबऱ्यातून बोलली. "आन् वटी भरून, जेवूनच निघायचं. म्हंजे भर उन्हातच की."

सिद्रामप्पाने टाक्यांवर राळ घासली, पट्टा चाकांवर चढवला. इंजिन सुरू झालं. पट्टा फिरला, आणि शिवण चाकावर आली की वाजू लागली. खट्. खट्.

"मशीनमधी गॅस तरी हाय का, अण्णा?"

"पट्टा फिरला की समदं फिरतं," सिद्रामप्पा म्हणाला. उभा जन्म मागावर गेलेला माणूस तो.

दुसऱ्या दिवशी वैरागला हिरव्या चोळीतली जगदेवी मागच्या सीटवर दानम्माशेजारी बसली. काचा वर केल्या. वैरागची शीव मागं पडली. दोन्हीकडे कापलेली रानं, कडब्याच्या गंजी, उन्हाने थरथरणारा रस्ता. सिद्रामप्पाने थंड हवेची कळ फिरवली, तशी शिवण जोरात वाजू लागली. खट्. खट्. जाळीतून वारा आला.

तो भट्टीच्या तोंडासारखा होता.

सिद्रामप्पाने जाळीवर तळहात धरला. काढला. पुन्हा धरला. आरशात बघायचं धाडस होईना.

"अप्पा, ह्यो आवाज कसला वो?"

"पट्टा शिवलाय गं हातानं. शिवण लागती. बंद करू?"

"ऱ्हाऊ द्या."

काही वेळाने त्याने कळेकडे हात नेला. मागून दानम्माने त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. त्याने आरशात पाहिलं. दानम्मा घामाने निथळत होती. तिने दोन्हीकडच्या काचा बोट-दोन बोटं खाली केल्या होत्या आणि तांब्यातल्या पाण्याने भिजवलेला पदर लेकीच्या कपाळावर धरला होता. तिच्या मांडीवर डोकं टेकून जगदेवी झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर. अशीच ती कधीकाळी दोन मागांच्या मधे टांगलेल्या झोळीत झोपायची. मागाच्या धोट्याची खटखट थांबली, की जागी व्हायची.

सिद्रामप्पाने हात स्टिअरिंगवर आणला. पुढचा सगळा रस्ता त्याने गाडी एका चालीत ठेवली.

सोलापुरात दारातल्या कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी राहिली, तेव्हा उन्हं कलली होती. त्याने किल्ली फिरवली नाही. हळूच उतरून त्याने चारी दारं उघडली. इंजिन संथ चालत होतं.

खट्. खट्.

गुरप्पा रस्ता ओलांडून आला. वाकून त्याने जाळीपुढे हात धरला, चटकन मागे घेतला.

"आवो अण्णा, ही तर..."

"हळू," दानम्मा आतूनच म्हणाली. भिजलेला पदर तसाच धरून ती पुटपुटत होती, मागासाठी सुताच्या कांड्या भरताना गायची तीच ओवी, त्याच ठेक्यावर.

गुरप्पाने झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. आवाज उतरवून तो म्हणाला, "उद्या मुंबईला पट्ट्याचं सांगू का मग?"

सिद्रामप्पा पायरीवर टेकला. राळेने काळी झालेली बोटं धोतराला पुसत राहिला.

"बाळंतपण हू दे," तो म्हणाला. "मग बघू."