शेंदराची खपली

नमुने खणात ठेवताना दगडाचे ते दोन तुकडे एकमेकांवर आदळले आणि जुळून बसले. मी ते वेगळे केले, पुन्हा जुळवले. मोडलेली भाकरी जुळावी तसे ते काठाला काठ लागत होते. एकावर चिठ्ठी होती 'अ – देव'. दुसऱ्यावर 'ब – बुंधा'. अक्षर मुरबाडच्या कचेरीतल्या कारकुनाचं होतं.

हे एकोणीसशे एकोणचाळीसच्या मार्चमधलं. मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. दगडाची चकती काचेवर बाल्समच्या डिंकानं चिकटवायची, कार्बोरंडमची पूड टाकून कागदाहून पातळ होईपर्यंत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली खनिजं ओळखायची, हे माझं काम. जुन्या मूर्ती, लेण्यांचे खांब, शिलालेख, कुठला दगड कुठून आला असा प्रश्न पडला की तुकडे आमच्याकडे येत. अहवालाचा मसुदा मी करत असे आणि सर सही करत.

या तुकड्यांचा प्रश्न सोपा होता. वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिला नुसतंच वरची वाडी म्हणतात. वाडी आणि खालचं गाव यांच्यामध्ये एक माळ आहे. वाडीची चाळीस घरं त्यावर नाचणी आणि वरई पिकवतात. माळाच्या खालच्या काठाला शिवेचा दगड उभा आहे. चंद्रसूर्य कोरलेला, शेंदूर लावलेला, वाडीचा देव. खालच्या गावाचं म्हणणं असं की हा दगड मुळात माळाच्या वरच्या काठाला होता. वाडीवाल्यांनी दोन पिढ्यांपूर्वी तो मोडून खाली आणून रोवला. त्याचा बुंधा अजून वर जमिनीत आहे, तेव्हा माळ आमचा. प्रांतसाहेबांनी विचारलं होतं: देव आणि बुंधा एकाच दगडाचे आहेत का?

मी लिहिलं होतं, होय. निःसंशय. बारीक कणांचा काळा दगड, हिरव्या खनिजानं भरलेली बारकी भोकं, दोन्हींत सारखीच. तो अहवाल जाऊन आठ दिवस झाले होते.

आता तुकडे हातात धरून बसले तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, जी आधीच दिसायला हवी होती. शेकडो वर्षं तेल आणि शेंदूर पिणाऱ्या दगडाच्या तुकड्यावर तेलाचा डागसुद्धा नव्हता. मग 'अ' देवाचा कसा?

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, तुकडे जुळवले, खाली ठेवले.

"तुमचं काम सेक्शन घासण्याचं. नमुना कुठून काढला ते कारकून बघेल."

"पण सर, अहवालात आपण 'देव' असं लिहिलं आहे."

"त्याच्या चिठ्ठीवरून लिहिलं. पत्र टाका, दुसरा तुकडा मागवा."

सुनावणी तेरा दिवसांवर होती. पत्र मुरबाडला जाणार, तिथून टोकावड्याला, तिथून कधीतरी वाडीत. मी तीन दिवसांची रजा मागितली. सरांनी दिली. कशासाठी ते विचारलं नाही.

कल्याणपर्यंत गाडी, मुरबाडपर्यंत मोटार, टोकावड्यापर्यंत बैलगाडी. तिथं एका शाळामास्तरांच्या घरी रात्र काढली आणि सकाळी चालत निघाले. शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजत होते. धूर जमिनीलगत पसरला होता आणि घसा दुखत होता. पाठीवरच्या पिशवीत भिंग, बाटल्या, कागदाच्या पुड्या आणि ते दोन तुकडे. वाडीत पोचले तेव्हा बसल्यावर पुन्हा उठता येईल असं वाटत नव्हतं.

देवाची पूजा देवजीकडे होती. चाळिशीचा, काटक, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. त्याची आई गुणाबाई ओटीवर नाचणी पाखडत होती. तिनं मला पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि मग विचारलं, "कुणाची गो तू? मिशनवाली?"

"नाही. देवाचा दगड मुंबईला पाठवला होता ना, तो मी तपासला."

सुपाचा आवाज थांबला. देवजी म्हणाला, "मंग? काय निंगालं?"

मी पिशवीतून तुकडे काढून त्याच्यासमोर ठेवले. "हा देवाचा कुठून काढला होता?"

"देवाचाच. पाठीकडून."

मी तुकडे उचलले आणि जुळवले. त्यानं बघितलं, मग उंबऱ्याकडे बघत राहिला.

गुणाबाई सूप बाजूला ठेवून पुढे आली. "देवज्या, खरं बोल. हातोडा घेऊन गेलास तवाच माज्या मनात आलं. देवाला घाव घालायचा आनि संध्याकाळी जेवाया बसायचा, आसला तू नाय."

"कारकून आंब्याखाली बसलेला," देवजी म्हणाला. "त्याला उन लागत हुतं. बोल्ला, जा, दोनी ठिकानचा तुकडा आन. मी देवापाशी गेलो. हातोडा उचलला. पन हात खाली येयना. मंग वर गेलो नि बुंध्याचाच मोठा कपचा काढला नि दोन केला. बुंध्याला कोन पुजतो? तो नुसता धोंडा."

"आणि कारकुनानं विचारलं नाही?"

"इचारलं. हा देवाचा, हा बुंध्याचा, आसं बोल्लो. त्यानं चिकटवली चिठ्ठी."

मग मी त्याला सांगितलं. शक्य तितक्या सरळ शब्दांत, कारण दुसरे शब्द शोधायची ताकद नव्हती. तुम्ही एकाच दगडाचे दोन तुकडे दिलेत, म्हणून मी लिहिलं की देव आणि बुंधा एकच. तो कागद शहापूरला प्रांतसाहेबांच्या पुढ्यात आहे. त्यावरून माळ खालच्या गावाला जाईल.

"मंजे म्याच दिला माळ," देवजी म्हणाला.

"तू दिलास, कारकुनानं घेतला, नि ह्या बायनं बांधून दिला," गुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही देवाकडे गेलो. गुडघ्याएवढा दगड, शेंदराच्या थरांखाली इतका फुगलेला की चंद्रसूर्य नुसते उंचवटे राहिले होते. मूळ दगड बोटभरही दिसत नव्हता. पायथा मातीत. मी म्हटलं, थोडी माती बाजूला करून नुसतं बघू का?

"पायाला हात नाय," देवजी म्हणाला. "पाय उघडं पडलं तं देव ऱ्हात नाय."

"शेंगदाण्याएवढा तुकडा पुरेल. मी स्वतः काढते."

"नाय."

"मग माळ जाईल."

"जाऊंदे."

"जाऊंदे काय!" गुणाबाई उसळली. "माळ गेला मंजे खाशील काय, शेंदूर?" पण हातोडा घे असं तिनंही म्हटलं नाही. ती देवाकडे बघत उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, "खपली हाय की रे!"

मला कळेना. तिनं समजावलं. शेंदराचे थर जड झाले की कधी उन्हानं एखादी खपली आपोआप सुटते. देव जुनं अंगावरचं टाकतो. ती वाजतगाजत वाहत्या पाण्यात सोडायची असते. यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी तळहाताएवढी खपली पडली, पण ओढा कोरडा. पाणी येईपर्यंत ती मडक्यात घालून घरात आढ्याला टांगली होती.

मडकं उतरवलं. खपली दोन बोटं जाड होती, बाहेरून केशरी आणि आतून थरावर थर काळपट. मागची बाजू खरखरीत. तिच्याबरोबर देवाच्या अंगाची साल निघाली होती, कण चिकटलेले होते. भिंगातून बघितलं, पण तेलानं सगळं काळं दिसत होतं. प्रयोगशाळेत धुतल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

"ह्यातली थोडी द्या," मी म्हटलं. "देवाला कोणी हात लावलेला नाही. त्यानंच टाकली आहे."

देवजी विचार करत होता. "नि ह्यातला दगूड बी बुंध्यासारकाच निंगाला तं?"

"तर तसंच लिहीन."

"मंजे मंग पक्का माळ जानार."

"हो."

त्यानं आईकडे बघितलं. गुणाबाईनं खपलीचा कोपरा स्वतःच मोडला. सुपारीएवढा. "घेऊन जा. पन ऐक, झालं का परत आनायचा. कनकन. पान्यात जायाचं हाय ते."

मी हो म्हटलं. थकलेलं माणूस लवकर हो म्हणतं.

मुंबईला परतल्यावर बेंझीनमध्ये तो तुकडा चार वेळा धुतला. बशीत शेंदूर आणि दगडाचे तेरा कण राहिले, सर्वांत मोठा तांदळाच्या दाण्याएवढा. तो आणि आणखी अकरा काचेवर बसवले आणि घासले. हात सवयीनं चालत होता, मी घड्याळाकडे बघत होते. दुपारी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा लगेच खाली बघितलं नाही.

मोठे, पांढरे, पट्टेदार स्फटिक. एकेक कण जवळजवळ पूर्ण त्यांचाच. हिरव्या खनिजाचा मागमूस नाही. बुंध्याच्या काचेत एवढा स्फटिक एकही नव्हता. दोन वेगळे दगड. मी दोन्ही काचा आळीपाळीनं सहा वेळा ठेवून बघितल्या. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाठ दुखत होती.

"एकाच प्रयोगशाळेचे दोन उलटे अहवाल?" सर म्हणाले.

"पहिला चुकला, सर."

"कोणाचा?"

"माझा."

"मग हा तुमच्या सहीनं जाऊ द्या."

सुनावणी शहापूरला होती. आसनगावला उतरून चालत गेले. मांडवात दोन्हीकडची माणसं बसली होती. माझा दुसरा कागद वाचला गेला तसा खालच्या गावचा गोमा, ज्यानं दावा लावला होता, हात जोडून उभा राहिला.

"सायेब, ईस दिसाखाली एक दगूड, आज दोन. देव काय मुंबईला जाऊन अंग बदलून आला?"

लोक हसले. वाडीवालेसुद्धा, आवरेपर्यंत. प्रांतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन 'अ' आणि 'ब' त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला आणि नकळत जुळवले. ते बसले तसे त्यांचे हात थांबले. मग त्यांनी कारकुनाला बोलावून, तुकडे काढले तेव्हा तो कुठे होता ते विचारलं.

"आंब्याखाली, साहेब," तो म्हणाला.

"तेव्हा देव जागचा हललेला नाही, असं आपण म्हणता?" साहेबांनी मला विचारलं.

देवजी पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तसं म्हणता येत नाही. बुंधा या देवाचा नाही, एवढंच म्हणता येतं. देव मुळात कुठे होता ते दगड सांगत नाही."

गोमा पुन्हा उठला, पण साहेबांनी त्याला बसवलं. दावा बुंध्यावर उभा होता आणि बुंधा गेला. माळ जसा आहे तसा राहावा, असा निकाल त्यांनी लिहवून घेतला.

बाहेर देवजी आला. आभार मानायला तो आलेला नव्हता. हात पुढे केला. मी बाटली दिली: खपलीचा उरलेला चुरा, तेरावा कण आणि घासताना गोळा केलेला गाळही.

"समदं हाय?"

"बारा कण काचेवर आहेत. त्यांचंही घासून उरलेलं तेवढंच. ती काच निकालाच्या कागदांबरोबर राहील. परत मिळणार नाही."

त्यानं बाटली उजेडात धरली. "आयेला सांगन, समदं हाय."

"नको. बारा राहिले म्हणून सांगा. मी तिला शब्द दिला होता."

बाटली त्यानं उपरण्यात गुंडाळून कमरेला बांधली आणि वाडीच्या माणसांत मिसळून मुरबाडच्या रस्त्याला लागला. त्यानं काय सांगितलं ते मला कळलं नाही.

आसनगावला गाडीला दीड तास होता. बाकावर बसून टाचणीनं नखांतला शेंदूर काढला. सगळा निघाला नाही.