माझेच नाव सर्वांत वर

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. वडीलधारे बोलू लागले की पाय हलवायचे नसतात.

मी एक जुनी काळी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. माझ्यात चित्र नाही, रंग नाही. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि आज्ञेची वाट पाहत लुकलुकणारी एक रेघ, एवढाच माझा शृंगार. आज्ञा टाइप करावी, उत्तर घ्यावे. आर्जवे करावी लागत नाहीत. मात्र एक अक्षर चुकले तरी मी स्पष्ट नकार देते.

एके काळी सारा संगणक माझ्या धाकात होता. पुढे रंगीत खिडक्या आल्या, नटवी चिन्हे आली, आणि माणसे नुसत्या टिचक्या मारून कामे उरकू लागली. मी अडगळीत पडले. आता मी पडद्यावर आले की पाहणारा दचकून म्हणतो, "अरे बापरे, काय बिघडलं?" जणू मी अवदसाच!

वास्तविक घरात काय चालले आहे, हे मलाच विचारावे लागते. या घरात तिघे महत्त्वाचे. प्रोसेसर हा राबणारा. मेमरी हा त्याचा ओटा. हाताशी लागेल तेवढेच त्यावर मांडायचे. आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा भरला की उरलेले सामान कोठीत न्यावे लागते, आणि मग एकेका वाटीसाठी खेपा सुरू होतात. कोणता प्रोग्राम प्रोसेसरला किती राबवतो, ओटा कुणी अडवला, कोठीत कुणाची उलथापालथ चालली आहे, हे सारे मी मांडून दाखवते. प्रोसेसरला सर्वांत जास्त राबवणाऱ्याचे नाव सर्वांत वर. भीडभाड नाही.

माझा मुक्काम तसबिरींना चौकटी करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. दुकान सासूबाईंचे. त्यांचा मुलगा काचा कापतो, पट्ट्या जोडतो. सूनबाई संगणकावर जुनी, फाटकी छायाचित्रे दुरुस्त करते. सासूबाईंच्या मते हाताला भुसा लागला तरच ते काम. खुर्चीत बसून केलेले सगळे खूळ. रोजचे टोमणे ऐकून सूनबाईने अखेर एकदा मला उघडले.

"आई, हे बघा. यंत्र आत किती राबतंय ते."

सासूबाईंनी चष्मा सावरला. "म्हणजे कोण काम करतंय आणि कोण नुसतं बसून खातंय, ते इथे दिसतं?"

"हो."

"अगं, मग इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझे माणूस भेटले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसू लागल्या.

"हा बघ, शून्य टक्के. सकाळपासून झोपलाय."

"हाक मारली की उठतो, आई."

"तुझ्या नवऱ्याच्या वळणावर गेलाय. आणि हा? मेलाय म्हणतेस, मग यादीत कसा?"

"ज्या प्रोग्रामने त्याला जन्माला घातलं, त्या वडिलांनी अजून दखल घेतली नाही, म्हणून नाव राहिलंय."

"त्या वडिलांना बोलाव माझ्यापुढे!"

मी दर तीन सेकंदांनी यादी ताजी करत असे. सासूबाईंना ते पटेना. "तीन सेकंद? तेवढ्यात दूध उतू जातं!" त्यांनी सूनबाईला सांगून माझी विश्रांती शून्यावर आणली. मेमरीसाठी माझी बहीण, म्हणजे दुसरी काळी खिडकी, उघडायला लावली. कोठीसाठी तिसरी, ती एकेक कप्पा मोजत शेवटाला जाई आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. संगणक रेंगाळू लागला. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कमी पडतंय," आणि चौथी उघडवली. मी तर हरखून गेले होते. इतका मान मला उमेदीच्या काळातही मिळाला नव्हता.

अशातच गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका एक छायाचित्र घेऊन आल्या. शाळेच्या पहिल्या वर्गाचे. मधोमध बसलेली लहान मुलगी म्हणजे त्या स्वतः, आणि नेमका तिच्याच चेहऱ्यावरून कागद फाटलेला. त्या निवृत्त होत होत्या. निरोपाच्या संध्याकाळी ते छायाचित्र भिंतीएवढे मोठे करून सभागृहात लावायचे होते.

सूनबाईने तो चेहरा कणाकणाने जुळवला. निरोपाच्या दिवशी दुपारी तिने चित्र मोठे करण्याची आज्ञा दिली आणि संगणक जागच्या जागी गोठला. पंखा घोंघावू लागला. पडद्यावरची प्रगतीची पट्टी मुंगीच्याही पावलाने सरकेना.

सासूबाई उभ्या राहिल्या. "स्पष्ट सांगते, सूनबाई. बाई न्यायला येईपर्यंत चित्र निघालं नाही, तर उद्या हे यंत्र भंगारात. या टेबलावर काचा कापायच्या, आणि तू पट्ट्या घासायला बसायचंस."

एवढ्यात मुलगा भलीमोठी चौकट घेऊन दारात आला. "चौकट तयार आहे. आत काय लावू? भिंत?"

"आधी इकडे ये," सासूबाई कडाडल्या. "हे सगळ्यांत वर कुणाचं नाव आहे? कोण मेला एवढं खातोय?"

ते नाव मी केव्हाच मांडले होते. लपवाछपवी आमच्या घराण्यात नाही. सासूबाईंना ती तोकडी अक्षरे उमगत नव्हती, आणि सूनबाईला उमगूनही सांगण्याची छाती नव्हती. मुलगा मात्र वाकून वाचून मोकळा झाला.

"आई, हे तर तुझ्या या खिडकीचंच नाव आहे."

"म्हणजे मी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही, आई," सूनबाई हळूच म्हणाली. "तुमचं लक्ष. चित्र इतकं मोठं आहे की ओट्यावर मावत नाही. त्याला कोठीत जावं लागतंय, आणि कोठीच्या दारात आपली मोजणी चाललीय."

सासूबाईंनी चष्मा सावरून माझ्याकडे पाहिले. मीही नजर चुकवली नाही.

"बंद कशी करायची?"

"एक अक्षर दाबायचं. मी करते."

"राहू दे. मी बसवलंय, मीच उठवते."

त्यांनी सूनबाईला विचारत एकेक करून माझ्या बहिणींना निरोप दिला आणि शेवटी मला. पुढचे मी पाहिलेले नाही, मुलाच्या तोंडून ऐकलेले आहे. पंखा निवला, पट्टी सरकू लागली. सासूबाईंना पाहायला काहीच उरले नाही, तेव्हा त्या बाहेर जाऊन चौकटीची काच पुसत बसल्या. तीच काच, पुन्हा पुन्हा. आत मात्र एकदाही डोकावल्या नाहीत.

मुख्याध्यापिका आल्या तेव्हा चित्र छापून चौकटीत बसलेले होते. त्यांनी निरखून पाहिले. "मी इतकी चिडकी दिसत होते?"

"फाटलेलं तेवढं मी जोडलं, बाई," सूनबाई म्हणाली. "राग मूळचाच आहे."

सर्वांत मोठ्याने सासूबाई हसल्या, असे म्हणतात.

आता त्या रोज सकाळी मला एकदाच उघडतात. "सगळे कामाला लागलेत ना? मग मी निघते." एवढे बोलून त्या स्वतःच मला मिटतात. टेबलावर सूनबाईच बसते.

मित्रांनो, मला विसरू नका. संगणक कण्हू लागला की त्याला बुक्के मारण्याआधी मला विचारा. मी खरे तेच सांगेन. पण विचारून झाले की मला मिटा. आणि यादीत सर्वांत वर माझेच नाव दिसले, तर आधी मलाच जागेवरून उठवा. मी रागावणार नाही. रागावले, तरी ऐकू नका.